टेबलाखालची वीट

लग्न होऊन आली तेव्हा इस्त्रीच्या दुकानातलं टेबल तिला आयतंच मिळालं. सासूनं स्वतःच्या उंचीचं करून घेतलेलं. सासू चणीनं बुटकी, सून ताडमाड. त्यामुळे सून त्या टेबलावर वाकली ती वाकलीच. शर्ट संपायचे नाहीत आणि कंबर सरळ व्हायची नाही. आता तर कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत अशी कळ जायची, की इस्त्री उभी करून भिंत धरावी लागे.

डॉक्टर म्हणाले, "कमरेत नस दबलीय. ऑपरेशनची घाई नको. आधी व्यायाम करा, नाहीच जमलं तर मग बघू."

पट्टा झाला, शेक झाला, पालथं पडून छाती उचलणं झालं. सकाळी बरं वाटे, आणि टेबलापाशी उभं राहिलं की सगळं केलं-सवरलं पाण्यात. शेवटी व्यायाम शिकवणारी म्हणाली, "ताई, इस्त्री कशी करता ते दाखवा बरं." हिनं दाखवलं. ती बघतच राहिली. "अहो, एवढं वाकून? मग माझा व्यायाम काय कपाळ करणार? टेबल उंच करा आधी."

नवऱ्यानं विटा आणल्या. "ऑपरेशनपेक्षा वीट मऊ," म्हणाला. प्रत्येक पायाखाली दोन लागणार होत्या. पण सासू अजून रोज दुपारी त्याच टेबलावर उशांचे अभ्रे इस्त्री करायची. दुकानावरचा तेवढाच तिचा हक्क उरला होता. सुनेनं एकेकच वीट लावायला सांगितली.

झालं, धड ना इकडे धड ना तिकडे. सुनेची कंबर वाकायची ती वाकतच राहिली, आणि सासूचे खांदे कानांना लागले.

एका दुपारी बाही ओढताना सुनेचा पाय बधिर झाला आणि ती मटकन खाली बसली. सासूनं आधी इस्त्रीचं बटण बंद केलं.

"एकच वीट का गं लावलीस?"

"तुमचा हात पोचला नसता, आई."

"माझी कीव आली होय? उद्या तुला कापून झोपवली तर दुकान मी चालवू, या हातांनी?" म्हातारीला दम लागला. "दुसरी लावायला सांग."

"आणि तुमचे अभ्रे?"

"तूच कर. मला काय मोठी हौस होती!"

हौस होती. दोघींनाही ते ठाऊक होतं. हाक ऐकून नवरा आला, त्यानं टेबल उचललं, विटा सरकवल्या. सून भिंत धरून उठली आणि सरळ उभी राहून तिनं अभ्रा पसरला. पाय ठणकतच होता. सासू स्टुलावर बसून तिच्या हाताकडे बघत होती.

"कडेनं सुरकुती राहिली बघ," ती म्हणाली.