गुरुवारच्या खुणा

आधी बुवांचं सांगते, मग बाकीचं. बुवा नसते तर मी रत्नागिरीत महिनाभरही टिकले नसते.

विद्यापीठाच्या कला केंद्रात ते शिपाई होते. आतल्या, डोंगराकडच्या एका गावचे. शिमग्यात त्यांच्या गावात नमनाचा खेळ, देवापुढं नाच-गाणं होतं, त्यात ते मृदंग वाजवायचे, म्हणून केंद्रातल्या मोठ्या मॅडमपासून पोरांपर्यंत सगळे त्यांना बुवाच म्हणत. मी जतकडची. आमच्या वस्तीवरची शाळा चौथीला संपायची, तिथंच माझीही संपली. नवऱ्याला मिरजोळ्याच्या एका कारखान्यात काम लागलं आणि आम्ही इकडं आलो. इथं कुणाचं बोलणं कळेना आणि भात खाऊन पोट भरल्यासारखं वाटेना. बुवांनी ठेकेदाराला सांगून मला केंद्रात झाडलोटीला लावलं. पहिल्याच दिवशी माझ्या डब्यातली बाजरीची भाकरी बोटानं वाजवून म्हणाले, "अगो घाटावरच्या बाय, ही खायची की वाजवायची?" आणि निम्मी खाल्लीसुद्धा.

मी म्हणाले, "नमन म्हणजे आमच्याकडच्या तमाशासारखंच ना, बुवा?"

"तमाशा काय गो? देवाचं काम हाय ते. पुन्हा बोललीस तर तुझ्या भाकरीला हात लावायचा नाय."

लावायचे. रोज लावायचे.

केंद्र कातळावर आहे. सकाळी विद्यापीठाची मुलं नाच, नाटक शिकायची. दुपारनंतर शाळांची गॅदरिंगं, भाट्ये गावच्या बायकांचं भजन, काहीबाही चालू असायचं. पण खरा दिवस गुरुवार. गुरुवारी संध्याकाळी बुवांच्या गावची माणसं यायची. कुणी रिक्षावाला, कुणी कारखान्यात, कुणी बंदरावर. सगळी शहरात भाड्याच्या खोल्यांत राहणारी. खोलीत मृदंगावर थाप पडली की घरमालक दारात उभा. गावाला जाऊन तालीम करावी तर गावात कोण उरलंय? निम्मे मुंबईत. म्हणून बुवांनी मॅडमना गळ घालून गुरुवारचा रंगमंच मागून घेतला होता. लेखी काही नव्हतं. मॅडम म्हणाल्या होत्या, "बुवा, तुमच्या भरवशावर."

तालमीआधी बुवा नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे. देवाशी मोठ्यानं बोलायचं आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. एकदा त्यांनी "ह्या हॉलचा तो पंखा मेला कवापास्नं बंद हाय, त्यालाबी बुद्धी दे रे म्हाराजा" असं घातलं, तर पोरं हसून हसून आडवी. मी झाडू घेऊन विंगेत उभी राहायची. नकळत माझ्याही तोंडून "व्हय म्हाराजा" निघायचं. परक्या मुलखात मी मोठ्यानं बोलायचे ते तेवढंच.

नाचाचं रिंगण नीट पडावं म्हणून ही माणसं खडूनं जमिनीवर खुणा करायची आणि जाताना हटकून पुसायला विसरायची. शुक्रवारी सकाळी मी पुसायची. बुवांनी एक नियम घालून दिला होता. शुक्रवार सोडून कधीही खडू दिसला तर फडकं मागं, आधी विचारायचं.

तो शुक्रवारच होता. मुलांचं नाटक सकाळी अकराला, बाहेरून पाहुणे येणार. मी लवकर गेले. रंगमंचभर खडू. वाटलं, हे पाहुण्यांनी बघितलं, मॅडमना राग आला, तर आपल्या माणसांचा गुरुवार गेला. बुवा अजून आले नव्हते. मी गुडघ्यावर बसून सगळं घासून पुसलं. लादीत तोंड दिसेल इतकं.

त्या खुणा गुरुवारच्या नव्हत्याच. आदल्या रात्री तालीम संपल्यावर मुलांनी येऊन, त्या पुसून आपल्या नाटकाच्या खुणा केल्या होत्या. लेव्हल म्हणजे ते उंच लाकडी चौथरे कुठं ठेवायचे त्याच्या. पडद्यामागं घाईत पोरांनी अंदाजानं लेव्हल ठेवली, ती हातभर पुढं आली. नाटकात एक मुलगी डोळ्यांवर पट्टी बांधून तिच्यावरून उतरते आणि दोन पावलं चालते. दुसरं पाऊल रंगमंचाच्या बाहेर पडलं. ती पडल्याचा आवाज मला विंगेत ऐकू आला. मनगट मोडलं. पाहुणे उठून उभे राहिले.

ऑफिसात सगळ्यांना बोलावलं. "खुणा कुणी पुसल्या?"

ठेकेदाराची माणसं एका फोनवर घरी जातात, हे मी बघितलं होतं. बुवांनी माझ्याकडं एकदाच बघितलं.

"मी पुसल्या," ते म्हणाले. "आमच्या लोकांच्या समजून."

मी गप्प राहिले. गप्पच राहिले.

बुवांना परीक्षेच्या कागदांच्या गोदामात पाठवलं. गुरुवार बंद झाला. बाहेरच्या मंडळांना आता अर्ज, अनामत, हमीपत्र. रिक्षावाला हमीपत्र कुठून आणणार? बुवांनी सामान न्यायला म्हणून मंडळींना शेवटचं आत घेतलं आणि गाऱ्हाणं घातलं. शेवटी म्हणाले, "ह्या जागेत कुणा लेकीबाळीकडून चुकून काय घडलं असेल, तर ते माझ्या पदरात टाक नि तिला सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. कुणासाठी, ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्या वेळी माझ्या तोंडून आवाज निघाला नाही.

पुढं बुवा निवृत्त होऊन गावी गेले. मॅडमही बदलून गेल्या, नवे साहेब आले. केंद्राला आता बहुतेक दिवस कुलूप असतं. मी आठवड्यातून दोनदा धूळ काढते. लादीवर खडूचा कण नसतो. मुलीचं मनगट जुळलं, पण ती पुन्हा रंगमंचावर आली नाही. यंदा शिमग्यात त्यांच्या गावात नमन झालं नाही. फोनवर बुवांना विचारलं तर म्हणाले, "बोटं विसरली गो. तुझ्या भाकरीवर वाजवून बघायला हवं."

खुणा मी पुसल्या, असा अर्ज मी लिहिलाय. तीनदा लिहिला. दर वेळी ऑफिसच्या दारापर्यंत जाते आणि हातातला झाडू बघून परत फिरते.

बुवा, तुमचं हे ऋण माझ्यावर आहे. तो अर्ज मी देईन. माझ्या नावानं, तुमचं नाव मोकळं करून. मग नव्या साहेबांकडं गुरुवार मागेन. काम गेलं तरी मागेन. कधी ते आज सांगता येत नाही, भीती अजून गेलेली नाही. पण मिळाला, तर तुम्हाला न्यायला मी स्वतः गावी येईन, डब्यात भाकरी घेऊन. तोवर मृदंग उतरवून ठेवू नका.