बाराच्या पाढ्याची भिंत

जलंबला गाडी बदलून खामगावला उतरलो, तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी, एक ट्रंक आणि सुतळीने बांधलेली दोन बाडे होती. एका बाडात शाळांकडून भरून घ्यायचे कोरे नमुने होते, दुसऱ्यात ठेकेदारांकडून. शाळेत कोण शिकवतो, कोण शिकतो, तपासणीच्या दिवशी हजर कोण, हे शाळेने सांगायचे. सरकारी पैशातून शाळा बांधणाऱ्याने दगड कुठला, चुना कुठला, कामावर माणसे कोण आणि त्यांची वये काय, हे सांगायचे. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडल्यापासून नागपूरच्या कचेऱ्यांना वऱ्हाडाविषयी फार कुतूहल असते. ते शमवण्यासाठी माझ्यासारखी माणसे पाठवतात. मी मूळचा पुण्याचा, पोटापाण्यासाठी नागपूरकर झालेला. बुलढाणा जिल्हा तोवर नकाशावरच पाहिलेला.

खामगावात कापसाचे दिवस होते. स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि हवेत पुंजके तरंगत होते. चहात एक पडला, तो काढून चहा प्यालो. चहा वाईट होता. नागपुरातही वाईटच असतो, पण तिथे निदान वाईट म्हणून ओळखतात.

अमडापूरची सर्व्हिस मोटर निघायच्या वेळी निघाली नाही. निघाली तेव्हा तीत माणसांइतकीच गाठोडी होती. सपाट काळी जमीन संपून मोटर घाटाच्या चढणीला लागली आणि एका वळणावर माझ्या कोटाच्या खिशातली शाईची बाटली उघडली. मी बाडांवर शाई सांडू नये म्हणून ती छातीशी धरली. कोरे नमुने वाचले, सदरा गेला. ड्रायव्हरने मागे वळून बराच वेळ माझ्या निळ्या छातीकडे पाहिले आणि म्हणाला, "सरकारी मानूस हाय का जी?" मी हो म्हणालो. "तरीच," म्हणून त्याने पुन्हा रस्त्याकडे लक्ष दिले. ते त्याने आधीच द्यायला हवे होते.

अमडापूर हे बाजाराचे मोठे गाव. तिथली शाळा जुनी, मास्तर जुने, नमुना तासाभरात भरून झाला. माझे खरे काम पुढच्या खेड्यात होते. त्या गावाचे नाव मी देत नाही. गावाची काही चूक नाही, पण ज्या कचेरीत मी नोकरी करतो तिला वाचनाची आवड आहे. अमडापूरहून तिथे दमणीने (दोन बैलांच्या हलक्या गाडीने) जावे लागते. वाटेत एक नाला आडवा येतो. हिवाळ्यात त्यात घोटाभर पाणी असते. पावसाळ्यात तो माणूस वाहून नेतो, असे गाडीवान सांगत होता.

गाव दिसण्याआधी मला गाव ऐकू आले. पोरांचा एकसुरी आवाज येत होता, पाढे म्हणण्याचा. मी मनात म्हटले, शाळा तरी भरलेली सापडली.

शाळा भरली होती खरी, पण ती भिंतीवर. गावाबाहेर एका जुन्या निंबाजवळ शाळेची नवी इमारत चालली होती. भिंती कमरेइतक्या आल्या होत्या. दगडांच्या ढिगापासून भिंतीपर्यंत मुलामुलींची रांग उभी होती आणि दगड हातोहात पुढे सरकत होता. "बारा एके बारा" म्हणत पहिला पोरगा दगड उचली, "बार दुणे चोवीस" म्हणत दुसरा घेई, "बार त्रिक छत्तीस" म्हणत तिसरी मुलगी. एकीचा पाढा चुकला तशी सगळी रांग थांबली. तिने पुन्हा म्हटले, बरोबर आले, दगड पुढे गेला. रांगेच्या शेवटी पांढरी दाढी असलेला एक उंच माणूस दगड घेऊन बसवत होता. रांगेच्या मध्ये एक किडकिडीत तरुण छडीऐवजी ओळंबा (भिंत उभी सरळ आहे का ते पाहायची वजनाची दोरी) हातात धरून फिरत होता.

दाढीवाले रहीमखाँ ठेकेदार. चिखलीकडचे, पिढीजात गवंडी, आणि गवंडीकाम येणारे ठेकेदार कमीच असतात म्हणून त्यांचे मला कौतुक वाटले. तरुण म्हणजे शामराव मास्तर.

"ही शाळा आहे की बांधकाम?" मी विचारले.

"दोन्ही जी," मास्तर म्हणाले.

मग हळूहळू उलगडा झाला. जिल्ह्याच्या बोर्डाने दगड-चुना आणि गवंड्याचा खर्च द्यायचा, बिगारी काम गावाने अंगावर घ्यायचे, असा करार होता. त्या गावात विहीर असो, चावडी असो, सामाईक काम 'घरटी एक हात' या रीतीने होते. प्रत्येक घराने एक माणूस द्यायचा, कुठला ते घराने ठरवायचे. आता कापसाची वेचणी चालू. मोठी माणसे शेतात. तेव्हा घरोघरी मोकळा हात उरला तो पोरांचाच. सगळी पोरे इकडे आल्यावर मास्तरांनी एकट्याने निंबाखाली बसून काय करायचे? तेही इकडे आले.

खाँसाहेबांनी आपला कागद आधीच तयार ठेवला होता. मजुरांच्या रकान्यात सगळी पोरे नाववार, वयासकट लिहिली होती. मास्तरांच्या कागदात हजर विद्यार्थ्यांत तीच पोरे, त्याच दिवशी, त्याच वेळी. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि दोघांना दाखवले. ठेकेदाराच्या करारात बारा वर्षांखालचे मूल कामावर लावायला साफ मनाई होती. आणि शाळा एक वर्षाच्या बोलीवर मंजूर होती. हजेरी खोटी ठरली तर ती बंद करून पोरांना अमडापूरच्या शाळेत जोडायचे, असा हुकूम माझ्या ट्रंकेत होता.

"खाँसाहेब, ही नावे कशाला लिहिलीत?" मी म्हणालो.

"पोट्टे काम करून राह्यले, तर नाव लिव्हतो," ते म्हणाले. "दगड उचलते कोन? जिन का? झूट लिहून मले वर जवाब द्या लागते, साहेब. तुमच्या नागपूरले नाही, त्याच्याही वर."

"मग मास्तर, तुम्ही यांना गैरहजर मांडा."

मास्तर तापले. "गैरहजर काऊन? विचारा ना कोनालेही. शाळेत बसून जे पंचवीस दिवसांत येत नव्हतं ते इथं आलं. हजर आहेत, अन् नुसते हजर नाहीत, जागे आहेत."

हे खरे होते. मी एकदोघांना विचारून पाहिले. खरे असल्यानेच पंचाईत झाली. एक कागद शिक्षण खात्याकडे जाणार, दुसरा बांधकामाकडे. दोन्ही कचेऱ्यांच्या मध्ये फक्त एक आवार आहे, पण ते ओलांडून कुणी कुणाचा कागद वाचत नाही. दोन्ही कागद एकत्र पाहणारा मी एकटा. माझ्याकडे कुणी डोळेझाकीची विनंती केली नाही. केली असती तर मला नाही म्हणून मोकळे होता आले असते.

दुपारचे जेवण कोंडाबाईकडे झाले. मास्तर तिच्याच घरी राहत आणि जेवत. म्हातारी विधवा, मुलगा-सून वेचणीला, घरात नात मंजुळा. पाढा चुकून रांग थांबवणारी तीच. कढी, फुणके (डाळ वाटून वाफवलेले मुटके) आणि ज्वारीची भाकर होती. फुणके कढीत बुडवून खायचे असतात हे मला ठाऊक नव्हते. मी कोरडे खाल्ले आणि ठसका लागला. कोंडाबाईने पाणी दिले आणि माझ्या निळ्या सदऱ्याकडे पाहत विचारले, "शाळा राह्यते का जी?"

"कागद बरोबर असले तर राहील."

"अन् नाही राह्यली तं?"

"मग मुले अमडापूरला जातील."

"पोट्टे जातीन," ती म्हणाली. "पोट्ट्या नाही जात. नाल्याच्या पल्याड पोरीले कोन धाडते?" मंजुळा चुलीपाशी भाकर खात होती. तिने वर पाहिले नाही.

निघताना मी मास्तर आणि खाँसाहेब दोघांना निंबाखाली बोलावले. मी म्हणालो, "मला पुढे मेहकर, सुलतानपूर, बीबी करून याच वाटेने परत यायचे आहे. तेव्हा मी कागद घेईन. तोवर पोरे एकाच कागदात राहिली पाहिजेत. आणि नुसती कागदावरून नाही, खरोखर. मी आलो त्या दिवशी जे दिसेल ते लिहीन."

"भिंत मंग कोन बांधीन?" खाँसाहेबांनी विचारले. मी बाडांची सुतळी आवळली आणि दमणीत बसलो.

पुढचा प्रवास सरळ झाला. मेहकरहून सुलतानपूरला जाताना वाट वाकडी करून लोणारचे सरोवर पाहायची इच्छा होती, ती मी पुरी केली. एवढ्या मोठ्या खळग्यात हिरवट, खारे पाणी आहे आणि काठावर देवळे आहेत. मी थोडा वेळ बसलो. वास सहन होईना म्हणून उठलो. सुलतानपूरच्या मास्तरांनी चारही रकान्यांत 'ठीक' असे लिहून ठेवले होते, ते पुन्हा भरून घेतले. बीबीला एका ठेकेदाराने मला केळी दिली आणि कागद दिला नाही. मी केळी परत केली, तेव्हा कागद मिळाला. त्या भागात बोलणे जालन्याकडे झुकते. मास्तरांचे 'काऊन' (का) तिकडे कानावर आले नाही, आणि आश्चर्य म्हणजे मला ते चुकल्यासारखे वाटले. सगळा वेळ माझ्या डोक्यात ती कमरेएवढी भिंत होती. पावसाळ्यात तिचे काय होते, हे सांगायला गवंडी लागत नाही.

परतीच्या वाटेवर, नाला ओलांडल्यावर, मी शेतांकडे पाहिले. बोंडे फुटून पांढरा कापूस लोंबत होता आणि वेचायला एखाददुसरेच माणूस होते. भरदुपारी, वेचणीच्या दिवसांत, शेते जवळजवळ ओस. गावात कुणी दगावले की काय, असे वाटून मी गाडीवानाला विचारले. त्यालाही ठाऊक नव्हते. तेवढ्यात तोच एकसुरी आवाज आला. बारा एके बारा. मला मनापासून वाईट वाटले. पोरे पुन्हा भिंतीवर, म्हणजे मला शेरा मारणे भाग, असे मी समजलो.

पण पोरे निंबाखाली बसली होती. पाट्या मांडीवर, तोंड भिंतीकडे. पाढा तीच म्हणत होती. आणि रांगेत त्यांचे बाप होते, आया होत्या, आज्या होत्या. पोरे "बार त्रिक" म्हणत आणि थांबत. ज्याच्या हातात दगड असे त्याने "छत्तीस" म्हणायचे. नाही आले तर दगड जागच्या जागी. एक जाडजूड मिशीवाला गृहस्थ छातीशी दगड धरून घामाघूम झाला होता आणि त्याचा मुलगा निंबाखालून त्याच्याकडे अजिबात दयामाया न दाखवता पाहत होता.

"पाढा कशाला पण?" मी खाँसाहेबांना विचारले.

"पोट्ट्यांनी सवय लावली जी. पाढ्याबिगर दगड हालत नाही आता. पह्यल्या दिवशी चूपचाप करून पाह्यलं, दोघांचे पाय चेचले." भिंत आता खिडकीच्या वर गेली होती. "कापूस लोंबून राह्यला त्यायचा. पन घरटी एक हात म्हंजे एक हात. कोनता, ते घरानं ठरवलं."

दोन्ही कागद तयार होते. मास्तरांच्या कागदात मुले, निंबाखाली, हजर. खाँसाहेबांच्या कागदात मोठी माणसे, मजूर. एकही नाव दोन्हीकडे नव्हते. मी सह्या केल्या. सही करताना इतके बरे वाटल्याचा प्रसंग माझ्या नोकरीत आला नाही.

मी दमणीत बसणार तेवढ्यात कोंडाबाई रांग सोडून आली. हात चुन्याने पांढरे झाले होते. तिच्या मागे रांग थांबली.

"माह्यं नाव लिव्हलं का जी?"

"लिहिले आहे," मी म्हणालो आणि खाँसाहेबांचा कागद दाखवला.

"त्याच्यात नाही. त्याच्यात मजूर लिव्हलं असन. शाळेच्या कागदात." मी काही बोलण्याआधी ती म्हणाली, "बारापर्यंत आली मी." आणि तिथेच, दमणीच्या चाकाला हात लावून, तिने बाराचा पाढा म्हटला. सातवर अडली. निंबाखाली मंजुळाचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग म्हातारीला आपला आपण आठवला आणि ती शेवटपर्यंत गेली.

शाळेच्या नमुन्यात तळाशी 'शेरा' असा रकाना असतो. मी ट्रंकेवर कागद ठेवला, उरलेली शाई काढली आणि लिहिले: 'गावातील मोठी मंडळीही पाढे शिकत आहेत. कोंडाबाई नावाच्या वृद्ध बाईंना बाराचा पाढा तोंडपाठ आहे.' तिला वाचून दाखवले. तिने अक्षरांकडे बोट करून आपले नाव कुठले ते विचारून घेतले, आणि जाऊन दगड उचलला.

अमडापूर, खामगाव, जलंब, नागपूर. येताना मोटरीत शाई सांडली नाही, कारण उरलीच नव्हती. बाडे आपापल्या कचेऱ्यांत पोचली. बांधकामाचा कागद त्याच आठवड्यात मंजूर झाला. शाळेचाही झाला, आणि ती शाळा आता कायमची आहे. फक्त वरच्या साहेबांनी शेऱ्यावर तांबड्या शाईने आडवी रेघ मारली होती आणि बाजूला 'अप्रस्तुत' असे लिहिले होते. नियमाने पाहता त्यांचे बरोबरच होते. पण त्या दिवशी मला कचेरीत बसवेना.

कोंडाबाईला हे कळायचे कारण नाही. तिने विचारले तेव्हा मी लिहिले आहे म्हणालो होतो, आणि तेव्हा ते खरे होते.