तारेला पाणी घालणारे अप्पा

अप्पा आपलं बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणत. भाजीवालीशी, दुकानातल्या हमालाशी, जावयाशी, आणि मी खोली बघायला गेले तेव्हा माझ्याशीही. "खोली वरची हाय, खिडकी उगवतीला हाय, पाण्याची बोंब हाय. ओव्हर." एवढं बोलून ते जे गप्प झाले ते माझं सगळं सांगून झालं तरी गप्पच. मध्ये हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं की काय. शेवटी आत चुलीपाशी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, अव्वांनी, माझी सुटका केली. "तुमचं झालं म्हंजे तुमी बी ओव्हर म्हणा, बाई. न्हाईतर दिवस मावळंपतूर असंच बगत बसत्याल."

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि पाठोपाठ पावसानं तोंड फिरवलं होतं. नव्या जिल्ह्याला नव्या कचेऱ्या लागतात आणि कचेऱ्यांना कारकून लागतात, म्हणून नांदेडहून माझी तिकडे रवानगी झाली. नवरा, सासूबाई, संसार नांदेडला. मी आणि एक स्टोव्ह लातूरला. अप्पांचं गंजगोलाईच्या बाजारात पेंडीचं दुकान होतं. कपाळावर विभूती, अंगाला सरकीचा वास, आणि चिडले की त्यांचा आवाज चढायच्या ऐवजी उतरायचा. बाजार त्यांना ओव्हरअप्पा म्हणे, तेही तोंडावर. "दोघं एकदम बोलले तर कुणाचंच पोचत न्हाई," हे त्यांचं लाडकं वाक्य. ज्या बाजारात पाच जण एकदम ओरडल्याशिवाय सौदा होत नाही, तिथं बसून हा माणूस जन्मभर हे सांगत राहिला.

तरुणपणी अप्पा नांदेडच्या तारघरात नोकरीला होते. तिथं त्यांना वामनराव भेटले. वयानं थोडे मोठे; तारेची कट्ट-कडकट्ट भाषा त्यांनीच अप्पांना शिकवली. पुढं दोघांनी परवाने काढले आणि घरी स्वतःचे रेडिओ बांधले. हा शौक मला अप्पांकडेच कळला. हा ऐकायचा रेडिओ नव्हे, बोलायचा. सरकार तुम्हाला एक नाव देतं, त्या नावानं हवेवर हाक मारायची, तोंडानं नाहीतर तारेच्या भाषेत, आणि दूर कुठं तरी दुसरा शौकीन ती ऐकून उत्तर देतो. आपलं झालं की 'ओव्हर' म्हणायचं, म्हणजे आता बारी तुमची.

वडील गेल्यावर अप्पा नोकरी सोडून दुकानावर बसले आणि रेडिओ पेंडीच्या पोत्यांमागं गेला. वामनराव निवृत्त होऊन किनवटकडच्या आपल्या गावी, इस्लापूरला गेले. त्यांचा रेडिओ मात्र चालूच राहिला. दर गुरुवारी सकाळी ते अप्पांच्या नावानं हाक मारत आणि तसं पत्रानं कळवत. 'एवढा हंगाम सरू दे, मशीन बसवतोच,' असं अप्पांचं उलट टपाली उत्तर ठरलेलं. हंगाम सरत गेले. मुलींची लग्नं झाली, बाळंतपणं झाली. मग एक पत्र आलं ते वामनरावांच्या सुनेच्या, सुलोचनाच्या हातचं. मामंजींना लकवा मारला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

अप्पा इस्लापूरला भेटून आले. येताना नांदेडला आमच्याच घरी उतरले, आणि नेमकी मीही सुट्टीला तिथंच होते. म्हणाले, वामनला बोलता येईना, पाटीवर लिहिता येईना, दोघं नुसते एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. जेवणं झाली, तशी वामनरावांनी डाव्या हातानं चमचा उचलला आणि ताटावर वाजवायला लागले. सुलोचना ताट उचलायला आली, तर अप्पांनी तिला हातानं थांबवलं. ताट बोलत होतं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणला, अप्पा, तू लई जाडा झालास." एवढं सांगून अप्पा आमच्या ओसरीवर ढसाढसा रडले. त्या दिवशी ते ओव्हर म्हणायचं विसरले.

लातूरला परतल्या परतल्या त्यांनी पोती उपसली. उंदरांनी तारांवरचं कापड कुरतडलं होतं, एक व्हॉल्व्ह फुटला होता, आणि कंडेन्सर म्हणून जे काही असतात ते सगळे वाळून गेले होते. ते लातूरला मिळेनात. अप्पा मला चिठ्ठी देत, मी ती नांदेडला नेई, आमचे हे रेडिओ दुरुस्तीची दुकानं पालथी घालून भलताच नग आणत आणि पुढच्या खेपेला मी तो परत नेई. "साहेबांना म्हणावं, इवलासा आकडा चुकला तरी धूर निगतो. ओव्हर." साहेब वैतागून म्हणाले, तुझ्या घरमालकाला म्हणावं, पोस्टकार्ड स्वस्त पडेल. अप्पांनी परसातल्या कडुलिंबापासून गच्चीपर्यंत तांब्याची लांब तार ओढली, आणि अव्वांनी पहिल्याच दिवशी तिच्यावर लुगडं वाळत घातलं.

पण खरा घोर लावला तो अर्थिंगनं. मशीनची एक तार जमिनीत खोल पुरलेल्या कांबीला जोडतात, आणि ती जमीन ओली लागते. कोरड्या जमिनीत मशीन खरखरतं, हात लावला की झटका देतं. आणि त्या वर्षी लातुरात ओली जमीन होती कुठं? विहिरींचे तळ दिसत होते. अप्पांनी खड्डा खणून त्यात कोळसा आणि मीठ भरलं आणि रोज सकाळी एक बादली पाणी ओतायला सुरुवात केली. शेजारच्या सरूबाईनं ते कुंपणावरून पाहिलं. टँकर आला तेव्हा भर रांगेत ती कडाडली, "आमच्या लेकरास्नी प्यायला न्हाई, अन् हे अप्पा तारंला पाणी घालून राहिले! लोक पिंपळाला घालत्यात, ह्यांनी तार धरली!"

रांगेतली सगळी मंडळी हसली. त्या हसण्यात गंमत थोडी आणि राग जास्त होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अप्पांनी तिचं पुरतं होऊ दिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "तुझं खरं हाय. ओव्हर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी न्हाणीतली फरशी उखडून खड्ड्यावर नेऊन टाकली आणि तिथं आंघोळीला बसले. वाट्याला येईल ते तांब्या-दोन तांबे पाणी आधी अप्पांच्या अंगावर आणि मग तारेला. दुष्काळ असेपर्यंत त्यांनी कांबीला दुसरं पाणी दाखवलं नाही. शेजारच्या बायका सकाळी त्या बाजूच्या खिडक्या लावून घेत, पण पाण्यावरून टोमणे मात्र कायमचे बंद झाले.

मशीन बोलायला तयार झालं आणि अप्पाच अडले. त्यांचा परवाना केव्हाच संपला होता. नव्या अर्जावर त्यांनी पत्ता लिहिला, जिल्हा लातूर. जुना परवानाही याच घरच्या पत्त्यावर होता, पण त्यावर अर्थातच जुना जिल्हा होता, ज्यातून लातूर वेगळा निघाला तो. वरच्यांना वाटलं, माणूस घर बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गेला. चौकशी आली. जुन्या जिल्ह्यानं कळवलं, सदर इसम आमचेकडे राहत नाही. नव्यानं कळवलं, सदर इसम आमचेकडे राहावयास आल्याचे आढळत नाही. घर जागचं हललं नव्हतं, जिल्हा हलला होता, आणि मध्ये अप्पा लटकले होते.

"जुनाच जिल्हा लिहायचा होता की," मी म्हटलं.

"मग जिल्हा झाला तवा गोलाईत पेढे कशाचे वाटले मी? ओव्हर."

परवान्याशिवाय ऐकावं, बोलू नये, असा अप्पांचा नेम. म्हणून दर गुरुवारी सकाळी आंघोळ करून, विभूती लावून ते नुसतेच ऐकायला बसत. तिकडून वामनराव डाव्या हातानं तारेचा खटका वाजवून हाक मारत. अक्षरं रोमन, बोलणं मराठी. अप्पा एकेक शब्द जुळवून मोठ्यानं म्हणत आणि मी पायरीवर बसून ऐकत असे. सूनबाईनं पिठलं केलं. नदीला पाणी नाही, सहस्रकुंडाचा धबधबा नुसता काळा दगड दिसतो. शेवटी ओव्हरची खूण येई आणि मग सगळं शांत. तिकडे तो माणूस वाट बघत असे. अप्पांचा हात खटक्यापाशी जाई आणि मांडीवर परत येई. मग ते पोस्टकार्ड पुढ्यात ओढून उत्तर लिहीत. कार्ड इस्लापूरला पोचे, सुलोचना ते वाचून दाखवी, आणि पुढच्या गुरुवारी वामनराव त्यावर हवेतून बोलत. हाक हवेनं, उत्तर टपालानं.

एका गुरुवारी अप्पा वाचता वाचता अडखळले, पण त्यांनी शब्द गाळला नाही. "भि-त्र्या, बोल की. परवाना काय माझ्या तेराव्याला आणतोस?"

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. दुसरा झटका आला तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं सुलोचनानं कळवलं होतं. मी म्हटलं, "अप्पा, सरकारला इथं टँकर पाठवायला सवड नाही, तुमची टिकटिक कोण ऐकत बसलंय? दाबा तो खटका. ते स्वतः म्हणतायत!"

अप्पांचा आवाज उतरला. "वामन ऐकल की. तारघरात पहिल्या दिवशी माझ्या बोटावर पट्टी मारून त्यानंच शिकवलं, इजाजतीबिगर खटक्याला हात लावायचा न्हाई. आज तो दुखण्यानं बोलून राहिला. त्याचंच शिकवलेलं त्याच्यादेखत मोडू व्हय?"

"आणि ते गेले तर?"

त्यावर अप्पांनी पोस्टकार्ड पुढ्यात ओढलं. ओव्हरही म्हणाले नाहीत. अव्वा आतून म्हणाल्या, "नका डोकं फोडून घेऊ, बाई. दगूड हाय तो." मला अप्पांचा भयंकर राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तो आजही पुरता गेलेला नाही.

मी कचेऱ्या धुंडाळायला लागले. नव्या जिल्ह्याचे कागद गठ्ठ्यांनी येऊन पडले होते, बसायला खुर्च्या नव्हत्या, कपाटं तर नव्हतीच. कुणी दाद देईना. शेवटी अप्पांचा कागद सापडला तो स्थलांतराच्या गठ्ठ्यात. त्या वर्षी गावंच्या गावं जगायला बाहेर पडत होती. ज्याच्या कागदावर 'जागा बदलली' असं दिसेल तो दुष्काळानं परागंदा झालेला, असं धरून कुणीतरी अप्पांना त्यांच्यात नेऊन बसवलं होतं. मी कचेरीतल्या साहेबांसमोर उभी राहून शेरा मारून घेतला आणि कागद पुढं गेला. त्या संध्याकाळी मला वाटलं, आपण जग जिंकलं.

पण परवाना यायच्या आधीच वामनरावांची हाक बंद झाली. एक गुरुवार गेला, दुसरा गेला, सुलोचनाचं पत्रही येईना. वीज नसेल, असं अप्पा म्हणाले. पुढच्या गुरुवारी त्यांनी मशीनची एकेक तार तपासून पाहिली. आंघोळ मात्र रोज त्या फरशीवरच चालू होती.

आणि परवाना आला. अव्वांनी तो आधी देवापुढं ठेवला. गुरुवारी अप्पांनी नवं धोतर नेसून खटक्यावर बोट ठेवलं. त्यांनी वामनरावांच्या नावानं हाक मारली आणि थांबले. पुन्हा मारली. बऱ्याच वेळानं उत्तर आलं. अप्पा एकदम ताठ झाले. तारेवरही माणसाचं वळण ओळखू येतं, अक्षरासारखं. "हा वामनचा हात न्हवं," ते म्हणाले.

हात सुलोचनाचा होता. सासऱ्याला मशीन लावून देता देता ती थोडंफार शिकली होती. चुकत, अडखळत तिनं एवढंच पाठवलं: मामंजींचा दुसरा हातही गेला. ऐकू येतं. तुमची हाक ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ओव्हर.

मी पदर तोंडाला लावला. अप्पांनी खटका हातात घेतला आणि पहिल्यांदा काय सांगावं, तर तिला परवाना नाही, तिनं पुन्हा खटका वाजवू नये, नुसतं मशीन लावून मामंजींना ऐकवावं. मी कपाळावर हात मारला. पण मग ते बोलायला लागले ते ऊन अंगणात येईपर्यंत. काय बोललात, मी नंतर विचारलं. "पोस्टकार्डात लिवलेलं समदं पुन्ना सांगितलं. माझ्या हातानं."

त्यानंतर वामनराव असेपर्यंत एकही गुरुवार चुकला नाही. अप्पा बोलत, शेवटी ओव्हर म्हणत आणि हेडफोन कानावर ठेवून तसेच बसून राहत. एकदा मी म्हटलं, "उत्तर येणार नाही, अप्पा. उठा आता, दुकान उघडायचंय."

"ठाव हाय. पण ह्यो येळ त्याच्या बोलन्याचा हाय. त्यात मी कसा उठू?"

वामनराव पावसाच्या तोंडाशी गेले. अप्पांनी त्यानंतर मशीन ठेवून मात्र दिलं नाही. दुसऱ्या शौकिनांशी बोलत राहिले. माझी बदली परत नांदेडला झाली तेव्हा दारात रिक्षा उभी होती, स्टोव्ह आत ठेवून झाला होता, अव्वांनी ओटी भरली होती. अप्पा फाटकापर्यंत आले. इकडचं तिकडचं काही नाही, सरळ म्हणाले, "बाई, तुमी म्हणला तवा मी खटका दाबला असता, तर दोघं बोललो असतो. माझं चुकलं का? ओव्हर."

आणि गप्प झाले.

इतके महिने माझं उत्तर तयार होतं. चुकलं, अप्पा, शंभरदा चुकलं, हे मी मनात किती वेळा घोकलं होतं. पण समोर ते डोळे, आणि अंगणात ती न्हाणीची फरशी अजून तिथंच. रिक्षावाल्यानं दोनदा भोंगा वाजवला. अव्वा म्हणाल्या, "जाऊ द्या की त्यास्नी." अप्पा हलले नाहीत. मी नुसती मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही, आणि रिक्षात बसले.

रिक्षा वळेपर्यंत मी मागं बघत होते. अप्पा फाटक धरून तसेच उभे होते, माझं बोलणं व्हायची वाट बघत. आता अप्पा नाहीत, अव्वाही नाहीत. बारी अजून माझीच आहे.