मिक्केलनं न मागितलेली बंदरपट्टी

मिक्केल मोथा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. सावेरियारपट्टणमच्या बंदर कचेरीत पट्टी वसूल करायला होता. पोट आधी यायचं, मागून माणूस. छातीवर गोऱ्या सरकारचा पितळी बिल्ला, तो रोज चिंचेनं घासायचा. मी म्हणायची, "माझ्या बहिणीकडे एवढं निरखून बघतोस का कधी?" तर म्हणे, "अक्का, तिला घासावं लागत नाही." तोंडानं कधी हरला नाही मेला.

नांगर पडला की पट्टी, आणि पट्टी मिळेपर्यंत गलबतातून काही उतरवायचं नाही, हा कचेरीचा कायदा. पट्टी बुडाली तर जबाबदार मिक्केल. सख्ख्या मामालाही सोडलं नव्हतं त्यानं.

एका दुपारी आमच्या गावातल्या प्रकासीच्या नवऱ्याचं गलबत आलं ते शीड उलटं बांधून. म्हणजे गलबताचा तांडेल, तिचा नवरा, समुद्रावरच वारला. मग बायको येऊन नाळेवर, गलबताच्या पुढच्या टोकावर, हात ठेवते, माणसाला उतरवून नेते, तोवर त्या गलबताकडे आमच्यात कुणी काही मागत नाही. सावकारसुद्धा तोंड फिरवून बसतो.

कचेरीतला नवा साहेब खिडकीतून म्हणाला, "आधी पट्टी, मग प्रेत."

"आज मागणार नाही, साहेब," मिक्केल म्हणाला.

"मग नोकरी सोड."

बहीण कानातलं काढत धावत आली. "हे गहाण टाका, भरून टाका. घरात पोरं आहेत."

मीही म्हटलं, "दे ना गुपचूप, कुणाला कळतंय?"

"अक्का, मी भरली तरी ती घेतल्यासारखीच. उद्या प्रत्येक विधवेकडे मागतील, मिक्केलच्या वेळी घेतली होती म्हणून." त्यानं बिल्ला काढून टेबलावर ठेवला. "साहेब, प्रकासी वाळूत बसलीय. जा, तुम्हीच मागा."

साहेब खरंच निघाला हो. किनाऱ्यावर आम्ही बायका बसलेल्या. कुणी वाट दिली नाही, मी तर पाय आणखी लांब केले. तो उन्हात लाल होत उभा. प्रकासी उठली, त्याच्यासमोरून पाण्यात शिरली, नाळेवर हात ठेवला. तांडेलाला खाली घेतलं. साहेब पट्टी न मागताच माघारी फिरला.

नोकरी गेलीच. मिक्केल आता सुके बांगडे विकतो आणि बहिणीची बोलणी खातो. कचेरीतल्या त्या जागेवर गावातलं कुणी गेलं नाही, बाहेरून माणूस आणला. पुढं पुन्हा एक शीड उलटं बांधून आलं. नव्या माणसानं विचारलं, "साहेब, मागू का?"

साहेब म्हणाला, "खिडकी लावून घे."