रेषेला पाय लावून परत

जमिनीवर कुठेही रेष दिसली की आमच्या दाजींचा डावा पाय आपोआप पुढे जायचा. बँकेतली फरशी असो की मतदान केंद्राबाहेरची चुन्याची फक्की, दाजी अंग मागे ठेवून अंगठा टेकवणार आणि झटकन मागे फिरणार. स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरलेला असतानाही त्यांचा पाय पाटावरून पुढे सरकला होता आणि भटजींनी दटावल्यावर मागे आला, असं ताई अजून सांगते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दिंडोरीकडच्या एका छोट्या कॉलेजात खेळाचे सर, आणि अंगात मुरलेली कबड्डी. मी आईची औषधं आणायला नाशिकला निघालो तरी ते पायरीवरून सांगत, "मेव्हणे, जायला काय, कुणीपण जातं. परत येतो तो रेडर." मी परत यायचो, पण बहुतेक वेळा औषधं विसरून.

नोकरी मात्र तासिका तत्त्वावर. दर जूनमध्ये ताई विचारायची, "यंदा तरी कायम करणार का?" दाजी म्हणायचे, "संस्थेचा विचार चालू आहे." संस्थेचा हा विचार माझ्या भाच्याच्या बारशापासून त्याच्या बारावीपर्यंत चालू होता.

संस्थेचे चेअरमन भाऊसाहेब. त्यांचा मुलगा अमेरिकेला शिकायला गेला आणि तिथलाच झाला. दिवाळीला तो येत नसे, खोकं येई. एका वर्षी खोक्यातून लांबुळके चेंडू आणि हेल्मेटं निघाली. भाऊसाहेबांनी सत्यनारायणाच्या प्रसादालाच जाहीर केलं, "आपल्या कॉलेजात अमेरिकन फुटबॉल." आणि दाजींना बाजूला घेऊन सांगितलं, "सर, एक मॅच जिंका. कायमची ऑर्डर त्याच दिवशी."

मला इंग्रजी येतं असा आमच्या घरात एक जुना गैरसमज आहे. त्यामुळे मोबाईलवर नियम वाचून समजावायचं काम माझ्याकडे आलं. मी पोटावरचा शर्ट खाली ओढत शिकवलं, "चेंडू घेऊन समोरची रेष ओलांडायची. ओलांडली की गुण." एवढंच मला कळलं होतं, आजही तेवढंच कळतं. दाजी म्हणाले, "सोपं आहे की. ही तर दम न धरता खेळायची कबड्डी."

सराव द्राक्षांच्या सवडीने चालायचा. छाटणी निघाली की निम्मा संघ बागेत. सोपान हा दाजींचा लाडका रेडर, तो एकदा हेल्मेटासकट गायब झाला. दाजी शोधत गेले, तर पठ्ठ्या हेल्मेट घालून बागेत औषध फवारत होता. "सर, लय भारी वस्तू हाय," तो आतून म्हणाला, "डोळ्यात थेंब जात नाय."

मॅच पुण्याच्या संघाशी ठरली. ती पोरं खांद्याला कपाटाएवढी पॅडं लावून उतरली. आमच्या पोरांच्या खांद्यावर द्राक्षाच्या पेटीतला फोम, चिकटपट्टीने बांधलेला. तरी अंगाला झोंबून पकडण्यात आमची पोरं वाकबगार, त्यामुळे शेवटपर्यंत गुण शून्याला शून्य. मंडपात भाऊसाहेब मोबाईल उभा धरून मुलाला मॅच दाखवत होते. मुलगा जांभई देत होता. ताई हात पदरात गुंडाळून बसली होती.

आणि सोपान सुटला. एकाला हुलकावणी, दुसऱ्याच्या बगलेखालून, समोर मोकळं रान. रेषेपाशी पोचला आणि थांबला. चेंडू मागे काखेत, डावा पाय लांब. अंगठा रेषेला टेकला. कडेला दाजींचाही डावा पाय पुढे, आणि खणखणीत आवाज, "झाला टच, ये परत."

सोपान आला ना परत. तीरासारखा. मध्यरेषा ओलांडून त्याने चेंडू टाकला, दोन्ही हात वर केले, आणि सगळ्या संघाने त्याला उचललं. दाजी त्यात सर्वांत पुढे. मीही टाळ्या वाजवत होतो, मघाशी सांगितलंच, मला नियम येत होते. तेवढ्यात पुण्याच्या एका पोराने पडलेला चेंडू उचलला आणि सावकाश चालत आमची रेष ओलांडली.

भाऊसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. सल्लागार म्हणून मलाही.

"सर, पोरगं पोचलं होतं. परत का बोलावलं?"

दाजींनी खरं तेच सांगितलं. "साहेब, आयुष्यभर एकच शिकवलं. गेलेलं पोरगं परत घरी आलं पाहिजे. तिकडंच राहिलं, तर कितीही पुढं गेलेलं असू दे, आपल्याला ते बादच की."

मी दाजींच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता. भाऊसाहेब टेबलावरच्या मोबाईलकडे बघत राहिले. मग म्हणाले, "या तुम्ही."

घरी ताईने कणीक मळायला घेतली. तीन दिवसांनी शिपाई कायमची ऑर्डर घेऊन आला. कॉलेजात कुणी म्हणालं वशिला, कुणी म्हणालं जात. दाजींनी मला विश्वासात घेऊन सांगितलं, "साहेबांना कबड्डी कळते. बोलत नाहीत एवढंच." शेवटपर्यंत त्यांचं हेच मत होतं. अमेरिकन फुटबॉल मात्र त्या दिवसापासून बंद. हेल्मेटं बागांतून अजून दिसतात.

गेल्या वर्षी दाजी गेले. आमच्याकडे दशक्रियेला पुढाऱ्यांची भाषणं होतात, आणि भाऊसाहेबांच्या हातात माइक गेला की कावळासुद्धा ताटकळतो. ते काठी टेकत उठले. सोपानने माइक हातात दिला. त्यांनी तो तोंडाशी धरला, समोर बसलेल्या माझ्या भाच्याकडे पाहिलं. तो पुण्याची नोकरी सोडून आला होता, बापाच्याच कॉलेजात, तासिका तत्त्वावर.

भाऊसाहेबांनी काहीही न बोलता माइक सोपानला परत दिला.