गाठीला रक्त किती जातंय

एमआरआयच्या मशीनमध्ये माणूस एकदा सरकला की त्याला बोलता येत नाही. डोकं हलवायचं नसतं. त्यामुळं जे काय बोलायचं ते लोक आत जायच्या आधी बोलतात, नाहीतर बाहेर आल्यावर. आणि ऐकायला समोर मीच असतो. शाहूपुरीतल्या आमच्या सेंटरला टेक्निशियन म्हणून मला चौदा वर्षं झाली. यातलं काही मी लिहून ठेवलं नाही, पण विसरलोही नाही.

•

आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडम पुण्याच्या. नव्या होत्या तेव्हा कागलकडचे एक काका आले, मेंदूत गाठ असलेले. मॅडमनी समजावलं, "परफ्युजन करायचंय. हातातून औषध सोडून गाठीला किती रक्त जातंय ते बघायचं. जास्त जात असेल तर गाठ बहुतेक जोरात वाढणारी."

काका म्हणाले, "म्हंजे म्हशीगत. कासंकडं जाणारी शीर जाड असली की म्हस दुधाला दांडगी."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "बरोबर आहे, मॅडम."

काकांच्या गाठीला रक्त कमी निघालं. मॅडमना मात्र म्हशीचं इतकं पटलं की त्या सगळ्यांनाच तसं सांगायला लागल्या. एकदा कॉलेजच्या एका प्राध्यापकांनाही सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हैस कळली. आता गाठीचं सांगा."

•

मशीनचा आवाज म्हणजे पत्र्यावर हातोडा. भलेभले घाबरतात. इचलकरंजीचे एक कामगार आले होते, तीस वर्षं पॉवरलूमच्या खडखडाटात काढलेले. आत गेले आणि पाच मिनिटांत गाढ झोपले. इतकी स्थिर चित्रं मला क्वचितच मिळालीत.

तपासणी संपली, मशीन गप्प झालं आणि ते दचकून जागे झाले.

"लाइट गेली काय ओ?"

•

रक्ताचा नकाशा स्क्रीनवर रंगीत येतो. जास्त रक्त तिथं लाल, कमी तिथं निळा. म्हणजे गाठ लाल दिसली तर काळजी.

जोतिबावर गुलाल-खोबऱ्याचं दुकान असलेले एक गृहस्थ धाकट्या भावाला घेऊन आले होते. त्यांनी काचेतून स्क्रीन बघितली. भावाच्या डोक्यात उजवीकडं लालभडक ठिपका. "गुलाल पडलाय की," म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत बाहेर जाऊन आईला फोन केला, सगळं चांगलं हाय म्हणून.

मॅडमनी त्यांना आत बोलावून खरं काय ते सांगितलं. बाहेर आले ते माझ्यापाशी थांबले. फोन माझ्या हातात दिला.

"मघाचा मी केलता. आता तुमी करा."

मी केला. दुसऱ्या दिवशी स्क्रीन काचेकडं पाठ करून लावली.

•

गडहिंग्लजच्या सुमनताई. वर्षापूर्वी गाठीचं ऑपरेशन झालेलं, मग रेडिएशन. आता तपासणीत त्याच जागी नवा डाग दिसला होता. गाठ परत आली, की रेडिएशननं जळलेला भाग आहे, हे साध्या एमआरआयवर कळेना. म्हणून डॉक्टरांनी आमच्याकडं पाठवलेलं. डाग दिसल्यापासून तारीख मिळेपर्यंत तीन आठवडे गेले होते.

बरोबर नवरा, बाळासो. तपासणी होईपर्यंत बाकावर बसून होते. चहा विचारला तर नको म्हणाले.

चित्रं आली. डागाची जागा निळी होती. मॅडमनी तीन वेळा तपासून दोघांना बोलावलं. "तिथं रक्त जात नाहीये. बहुतेक जळलेलाच भाग आहे, गाठ नाही. दोन महिन्यांनी परत एकदा बघू."

सुमनताईंनी मान हलवली. बाळासोंनी निळ्या डागावर बोट ठेवून बघितलं. मग बायकोकडं वळून म्हणाले,

"मग तीन आठवडं चाललेली माझी भाकरीची शिकवणी बंद न्हवं आता?"

"बंद कशाला?" सुमनताई म्हणाल्या. "अजून कडा फाटत्यात तुमच्या."