न ओढलेली साखळी

किन्हीराजाच्या पलीकडचं आमचं गाव. गावात कोणाचं कोणाशी फाटलं की लोक पोलिसांत जायच्या आधी जगदेवभाऊंच्या दारात यायचे. तंटामुक्ती समितीचे ते अध्यक्ष, सलग नऊ वर्षं. धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण असो, नवराबायकोचं असो, नाही तर कोणाच्या बकरीनं कोणाचा हरभरा खाल्लेला असो. भाऊ दोघांना समोर बसवायचे, दोघांनाही सारख्याच शिव्या घालायचे आणि मग म्हणायचे, "आता खरं काय थे बोला." माणूस कडक, पण जिभेचा सच्चा, असं लोक म्हणायचे. भाऊंनाही ते ऐकायला गोड लागायचं. कोणाला लागत नाही?

त्यांचा खरा वैरी एकच, मोबाइल. देवळाच्या ओट्यावर चार पोट्टे माना खाली घालून गेम खेळताना दिसले की भाऊंचं डोकं फिरायचं. "अबे, तिकडं सोयाबीन वाळून राह्यलं अन् तुमी इथं बोटं घासून राह्यले? माणसं हा का येडे?" पोट्टे खिदळत उठून जायचे. त्यांत भाऊंचा सख्खा पुतण्या शिवमही असायचा, आणि त्याच्या वाट्याला दोन शिव्या जास्त यायच्या.

आणि हेच जगदेवभाऊ घरात दार लोटून तोच गेम खेळत होते! घ्या आता. चोपन्न वर्षांचा, डोक्याला टोपी घालणारा, गावाला शहाणपण शिकवणारा माणूस.

झालं होतं असं. गेल्या वर्षी मोटारसायकल घसरून भाऊंचा पाय मोडला. दोन महिने बाजेवर. पुण्याला नोकरी करणारा त्यांचा पोरगा हरीओम येऊन गेला आणि जाताना आपला जुना फोन देऊन गेला, बाबांनी बातम्या बघाव्या म्हणून. बातम्या दोन दिवसांत संपल्या. फोनमध्ये हरीओमचा एक गेम राहून गेला होता. किल्ले, तलवारी, आणि देशभरातून खेळणारी खरीखुरी माणसं. भाऊंनी सहज बोट लावलं आणि बोट तिथंच चिकटलं.

तिथं त्यांनी नाव घेतलं जंगबहाद्दर. एका गिल्डमध्ये, म्हणजे टोळीत, शिरले. सगळी वाशीम जिल्ह्यातलीच पोरं. पोरं कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलायची, भाऊ नुसतं लिहायचे. "जंगबहाद्दर, लेका, आज तूच वाचवलं बे!" असं कोणी म्हटलं की भाऊ बाजेवर एकटेच लाजायचे. खोटं कशाला सांगू, त्यांना फार बरं वाटायचं. गावात लोक हात जोडत, पण थट्टा कोणी करत नसे आणि जोडीला कोणी घेत नसे. टोळीचा सरदार म्हणजे आपलाच शिवम, हे त्यांना आठवड्याभरात आवाजावरून कळलं. तेव्हाच बाहेर पडायला हवं होतं. पडले नाहीत. पाय बरा झाला, वावरात जायला लागले, तरी फोन खिशातच.

आता त्या फोनची गोष्ट. दहा-वीस जणांची चकमक असली की फोन झकास चालायचा. पण दर रविवारी दुपारी तीन वाजता मोठी लढाई असायची, शंभर विरुद्ध शंभर. फोनच्या पडद्यावर चित्रं भराभर बदलतात म्हणून माणूस पळताना दिसतो. सेकंदाला चाळीस चित्रं असली तर खेळ पाण्यासारखा वाहतो. दोनशे माणसं एका दारात जमली की भाऊंच्या फोनला ती चित्रं काढायचा दम राहायचा नाही. चाळीसाची चार व्हायची. समोरचा माणूस इथं दिसायचा आणि एकदम तिथं दिसायचा, मधला दिसायचाच नाही. फोन तव्यासारखा तापायचा. याला पोरं म्हणायची, फ्रेम पडल्या.

शिवमनं एकदा सगळ्यांना साफ विचारलं होतं. "ज्याचा फोन गर्दीत अडकते त्यानं आधीच सांगा रे. लाजायचं काही काम नाही. त्याले मी मांगं ठेवतो." सात-आठ पोरांनी सांगितलं. भाऊंनी लिहिलं, "आपला फोन मक्खन." काहून लिहिलं? मागं बसायची लाज वाटली, दुसरं काय. नवा फोन घ्यावा तर कस्तुराबाई विचारणार, कायले पाह्यजे? घरच्या बाईला काय सांगणार?

दसरा झाला आणि त्यानंतरच्या रविवारी वर्षातली सगळ्यात मोठी लढाई आली. किल्ल्याचा दरवाजा बंद करायला दोन बाजूंना दोन साखळ्या. दोघांनी एकाच वेळी ओढल्या तरच दरवाजा वरून खाली पडून बंद होणार. शिवमनं दोन भरवशाचे गडी नेमले. डावीकडे बादल, उजवीकडे जंगबहाद्दर. बादल म्हणजे आमच्या गावाला लागून बंजाऱ्यांचा तांडा आहे तिथला, हिरीबाईचा पोरगा. सुगीत गावात मजुरी करायची, दिवाळीच्या आधी मायलेकांनी ऊसतोडीला जायचं. गेल्या हंगामात घाम गाळून त्यानं चांगला फोन घेतला होता. त्याच्या फोनवर फ्रेम पडत नसत.

"ओढा!" शिवम ओरडला.

भाऊंच्या पडद्यावर सगळं गोठलेलं. एक माणूस हवेत तलवार उगारून तसाच लटकलेला. भाऊ बोटानं साखळी दाबतायत, पुन्हा दाबतायत, बोट घामानं घसरतंय. चित्र हललं तेव्हा दरवाजातून पलीकडचे शंभर आत शिरले होते आणि जंगबहाद्दर मरून पडला होता. चार महिन्यांची मेहनत गेली.

"कोणं ओढली नाही बे?" शिवमचा आवाज फाटला होता. कोणी ओढली, कोणी नाही, हे त्या गेमात दिसत नाही.

बादल म्हणाला, "मी ओढली."

भाऊंनी लिहिलं, "मी पण ओढली."

बस, एवढंच. बारा अक्षरंही भरणार नाहीत. पण शिवमनं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "जंगबहाद्दर खोटं बोलत नाही. बादल्या, तूच विकला गेला. तांड्यावरचे शेवटी तसेच." आणि बादलला टोळीतून काढून टाकलं. आपल्या घरचं पोरगं असं बोललं, हे भाऊंनी आपल्या कानानं ऐकलं. लिहावं का? लिहिलं नाही. फोन उशीखाली सारला आणि चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी शेलूबाजारला जीपच्या थांब्यावर शिवम आणि बादलची गाठ पडली. शिवमनं तेच वाक्य चारचौघांत पुन्हा म्हटलं. बादलनं एकच ठेवून दिली. शिवमचा पुढचा दात अर्धा तुटला.

झालं! शिवमचा बाप देवानंद, म्हणजे भाऊंचा धाकटा भाऊ, पोलिसांत जायला निघाला. लोकांनी अडवलं. आधी तंटामुक्तीत घेऊ, मग पाहू. म्हणजे प्रकरण आलं कोणासमोर? जगदेवभाऊंसमोर.

बुधवारी सकाळी ग्रामपंचायतीत सभा बसली. हिरीबाई दाराशी, पदर घट्ट धरून. शिवमच्या तोंडाला रुमाल. भाऊंनी दोघांकडे पाहिलं, नेहमीच्या शिव्या द्यायला तोंड उघडलं, आणि पाण्याचा पेलाच पुढं ओढला. खाकरले, पाणी प्याले. "आता खरं काय थे बोला," हे वाक्य त्या दिवशी त्यांनी म्हटलं नाही. लोकांना वाटलं, पुतण्याचं प्रकरण आहे म्हणून जड जातंय.

"मारलं थे चुकलं माह्यं," बादल म्हणाला. "पण साखळी मी ओढली होती. दुसऱ्यानं ओढली नाही. थो जंगबहाद्दर कोण हाय त्याले बोलवा ना. इथं पंचाइसमोर बोलू द्या त्याले."

"त्यानं सांगतलं ना, ओढली म्हणून!" शिवम रुमालामागून बोलला. "अन् त्याचा फोन कधी अडकत नाही."

सगळे भाऊंकडे बघायला लागले. भाऊ समोरच्या कागदाकडे बघत होते. त्यांना वाटलं, आता उठावं आणि बोलून टाकावं. पण समोर गाव बसलेलं. ज्या ओट्यावरून आपण पोरांना हाकललं त्या ओट्यावरचीच पोरं समोर बसलेली. ती हसतील, जन्मभर हसतील. भाऊ म्हणाले, "जो इथं नाही त्याच्यावर कायले बोट दाखवता? बादल, भरवशानं काम देल्लं होतं, थे तुह्याच्यानं झालं नाही. वरून खोटं बोलला अन् हात उचलला. माफी माग. देवानंद, तू बी पोलीस-बिलीस करू नको."

खोटं बोलला, हे दोन शब्द म्हणायची काही गरज नव्हती. मारल्याची माफी पुरली असती. पण स्वतःचं झाकायचं असलं की माणूस दुसऱ्यावर जरा जास्तच माती लोटतो. चार दिवसांनी ऊसतोडीचा ट्रक निघणार होता, पोलिसांचं लचांड मागं लागलं असतं तर हंगाम बुडाला असता. बादलनं कागदावर सही केली.

बाहेर चपला घालताना तो भाऊंच्या जवळ वाकला आणि हळूच म्हणाला, "काका, फोन बदलून घ्या आता."

भाऊंनी चटकन इकडंतिकडं पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना.

"तुमच्या वावरात सोयाबीन काढाले आलतो ना, तवा धुऱ्यावर खेळत होते तुमी. मांगून नाव वाचलं मी. कोणाले सांगतलं नाही. म्हटलं, मोठा माणूस हाय, असू दे. आज मले वाटलं होतं तुमी बोलसान." एवढं बोलून तो आईच्या मागं निघून गेला.

त्यानंतर तीन दिवस भाऊंना अन्न गोड लागलं नाही. कस्तुराबाईंनी विचारलं, "काहून हो, पाय दुखते का?" तर तिच्यावरच खेकसले, आणि मग त्याचीही लाज वाटली. ओट्यावर पोट्टे फोन घेऊन बसलेले दिसले तर भाऊ मागच्या गल्लीनं जायला लागले. रोज ठरवायचे, आज शिवमला सांगतो. रोज संध्याकाळ व्हायची.

रविवारी सकाळी ते तांड्यावर गेले. ट्रक भरत होता. पातेली, गोधड्या, कोयते, कोंबड्यांचं खुराडं. त्यांना बादलशी दोन शब्द एकट्यात बोलायचे होते, माफी मागायची होती, गुपचूप. पण बादल ट्रकवर दोर बांधत होता आणि समोर आली हिरीबाई.

"भाऊ, तुमी कायले आले इथवर?" ती खजील होऊन म्हणाली. "मले समजते, पोरानं मान खाली घालाले लावली. तीन दिवस झाले, मी त्याच्यासंगं बोलली नाही. थो म्हणे, माय, मी खोटं नाही बोललो. मी म्हटलं, गप. जगदेवभाऊ उगंच म्हणतीन का? नऊ सालात कोणाचा खोटा न्याय केला नाही त्याइनं. लय मारलं त्याले, भाऊ. एवढा वाढलेला पोरगा, मारलं मी त्याले."

बादलनं दोराची गाठ मारली. वर बघितलंही नाही.

भाऊंनी टोपी काढली. आयुष्यात कोणा बाईसमोर त्यांनी टोपी काढली नसेल. "हिरीबाई, त्यानं साखळी ओढली होती. मी ओढली नाही. थो दुसरा माणूस म्हंजे मी. माहा फोन अडकला, अन् मी खोटं बोललो. मंग न्याय कराले बी मीच बसलो."

हिरीबाईला गेम-बिम काही कळत नव्हतं, पण एवढं कळलं. तिनं एकदा पोराकडे पाहिलं आणि मग भाऊंकडे. शिवी दिली असती तर भाऊंना सोपं गेलं असतं.

"मले सांगून काय करू मी, भाऊ?" ती म्हणाली. "पोराचं नाव तुमी गावासमोर घेतलं. आमी आता सहा महिने नाही. गावाले कोण सांगीन?"

मुकादमानं हाक मारली, आणि ती ट्रककडे वळली.

भाऊ निघाले. मागं मोडलेला पाय ओढत, जवळजवळ पळतच. ग्रामपंचायतीचा शिपाई राजपाल दाराशी दात घासत बसला होता. "भोंगा लाव," भाऊ धापा टाकत म्हणाले.

"दवंडी द्याची हाय का, भाऊ? सांगा, मी बोलतो. इषय काय?"

"तू नको. मीच बोलतो."

राजपालनं बटण दाबलं. गावाच्या चारी कोपऱ्यांना कर्णे आहेत, आणि वारा बरा असला की आवाज तांड्यापलीकडे रस्त्यापर्यंत जातो. भाऊंनी माईक हातात घेतला.

"गावकरीहो, मी जगदेव बोलून राह्यलो. बुधवारच्या सभेत बादल खोटं बोलला, असं म्या म्हटलं. थो खरं बोलत होता. मोबाइलच्या गेमातला थो जंगबहाद्दर म्हंजे मीच. हव, मी. वरीस झालं खेळून राह्यलो. दरवाजा माह्याच्यानं पडला नाही, अन् आळ बादलवर आला. शिवमनं तांड्याले जे म्हटलं थे आमच्या घराची लाज हाय. बादलची माफी मागतो, हिरीबाईची मागतो. अध्यक्षपद मी सोडलं."

बाहेर ओट्यावरून कोणीतरी फस्सकन हसलं. मग आणखी दोघं-तिघं. देवानंदच्या घरातून "मोठे बाबा?" असा शिवमचा आवाज आला. कस्तुराबाई पिठाच्या हातांनी रस्त्यावर येऊन उभी राहिली होती आणि कर्ण्याकडे बघत होती. तिकडून ट्रकचा हॉर्न ऐकू आला. गाडी निघाली होती की उभी होती, खिडकीतून काही दिसत नव्हतं.

राजपालची दातवणाची काडी तोंडात तशीच राहिली होती. ती काढून तो म्हणाला, "भाऊ, बंद करू का?"

"थांब," भाऊ म्हणाले. "अर्धे लोक वावरात असतीन. त्याइले ऐकू गेलं नसंन."

आणि त्यांनी माईक पुन्हा तोंडाशी धरला आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.